चार बोटं कमी

आधीच सांगून टाकतो. यातलं मला खरंच किती आठवतंय आणि किती मी नंतर स्वतःलाच सांगून सांगून पक्कं केलंय, याची मला खात्री नाही. कोण काय बोललं यावरून आमच्यात अजून वाद होतात. बापूंच्या मते सगळी चांगली वाक्यं त्यांचीच आहेत! पण म्हातारी माणसं रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसायला लागली की किस्से साचतातच. जुन्या फ्रिजमध्ये बर्फ साचतो ना, तसे. मुद्दाम कुणी साचवत नाही, आणि खरवडायला गेलं की काहीतरी मोडतं.

इमारत कोल्हापुरातली, कळंब्याकडची. सगळे फ्लॅट एक खोली आणि स्वयंपाकघर एवढेच. खालच्या बाकावर आम्ही तिघं. मी, मूळचे कागलचे आणि साखर कारखान्यातून निवृत्त झालेले बापू, आणि पोस्टातून निवृत्त झालेले दस्तगीरभाई. चौथी माझी बायको सुमन. ती बाकावर बसायची नाही. तळमजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोलायची आणि शेवटचं वाक्य तिचंच असायचं. आता ती खिडकी बंद असते.

मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होतो. डॉक्टरेट अतिशीत तापमानावर. आयुष्यभर पोरांना थंडी शिकवली, आणि म्हातारपणी मला एक छोटा फ्रिज निवडता येईना!

*

मुलाला, निखिलला, बंगळूरला घर घ्यायचं होतं म्हणून आम्ही शहरातला मोठा फ्लॅट विकला आणि इकडं यायचं ठरवलं. सामान कमी करायला लागलो. सुमन एकेक वस्तू बिनदिक्कत वाटून टाकत होती. मी फक्त एका गोष्टीवर अडून बसलो. आमचा दोन दारांचा जुना फ्रिज.

"मुलं आली तर?" मी म्हणायचो. "आंब्याचा रस, आइस्क्रीम, नातवंडांच्या बाटल्या, हे सगळं कुठं ठेवणार?"

माझ्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यामुळे नव्या घरातला फ्रिजचा कोनाडा मापायला सुमन बापूंना घेऊन गेली. त्यांची आमची ओळख जुनीच, आणि त्या इमारतीत ते आमच्या आधीपासून राहायचे. टेप कुठल्या खोक्यात गेली होती कोण जाणे. तिनं आधी फ्रिज वितीनं मापला, मग तिकडं जाऊन कोनाडा वितीनं मापला. तिच्या आईनं तिच्या लग्नातलं कपाट असंच मापून घेतलं होतं, आणि ते दारातून बरोबर आत गेलं होतं. तेव्हापासून त्या घराण्यात टेपला किंमत नाही.

परत आली आणि म्हणाली, "नाही बसत. चार बोटं कमी पडतात."

"नक्की?"

"डोळ्याला पट्टी बांधून बसलाय तुम्ही, आणि नक्की का म्हणून मला विचारताय!"

फ्रिज बापूंच्या भावाकडं कागलला गेला. टेम्पो हलला तेव्हा बापू म्हणाले, "वैनी, रडू नका. कागलला दिलाय, दुबईला न्हाय!"

सुमन म्हणाली, "मी कुठं रडतेय? ते बघा, तिकडं रडतायत."

*

मग नवा, छोटा फ्रिज बघायला आम्ही दुकानात गेलो. मी, सुमन आणि बापू. बापूंना बोलावलं नव्हतं. कोल्हापुरात कुणी वस्तू घ्यायला निघालं की बोलवावं लागत नाही, माणसं येतात.

सेल्समननं आम्हाला कोपऱ्यात नेलं. कमरेएवढे फ्रिज ओळीनं उभे होते.

"हॉस्टेलला पाठवायचा हाय काय? नातवासाठी?"

"नाही," मी म्हणालो, "आमच्यासाठीच."

तो जरा गोंधळला. "न्हाय, म्हंजे ह्ये बॅचलर मॉडेल हाय, काका."

सुमन म्हणाली, "मग बरोबर आहे. आम्ही रिटायर्ड बॅचलर!"

दुकान हसलं. बापूंनी खाली वाकून दार उघडलं, आत डोकं घातलं आणि तिथूनच ओरडले, "सर, ह्यात एक कोंबडं सुदिक पाय पसरून झोपायचं न्हाय!"

मी विचारलं, कॉम्प्रेसर कुठल्या प्रकारचा? बाहेर चाळीस अंश असताना आत किती राहील? आवाज किती? दार डावीकडं उघडतं की उजवीकडं? दार उजवीकडं उघडलं तर ओट्याला लागेल का? सेल्समन आत जाऊन मालकाला घेऊन आला. मालकानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि बापूंना हळूच विचारलं, "पावणं, ह्यास्नी फ्रिज घ्याचा हाय का इकायचा हाय?"

त्या दिवशी आम्ही फ्रिज न घेताच परतलो.

*

त्यानंतरही बरेच दिवस घेतला नाही. मी तक्ते केले. तीन कंपन्यांची तुलना केली, मग चौथीच कंपनी आवडली, मग तिचे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचून झोप उडाली. खरं सांगायचं तर मला फ्रिजची भीती नव्हती. छोटा फ्रिज एकदा घरात आला की मग विषय संपला, असं मला वाटत होतं. कुठला विषय ते मी कुणाला सांगत नव्हतो.

उन्हाळा सुरू झालेला. दूध नासायला लागलं. तेव्हा बापू मला रोज संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर नेऊ लागले. म्हैस समोर उभी, ग्लास खाली धरलेला, धार थेट ग्लासात. फेसासकट उभ्यानं प्यायचं आणि मिशा पुसायच्या.

"बघा सर," बापू म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हिच्यात दूध नासतंय का कधी? लाइट गेली तरी न्हाय. ह्याला म्हंत्यात फ्रिज!"

मी अगदी गंभीरपणे म्हणालो, "पण ही कोनाड्यात बसणार नाही."

घरी आल्यावर सुमनला हे सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "विनोद करायला लागलात म्हणजे आता हातपाय गाळलेत तुम्ही. उद्या फ्रिज घेऊ."

*

दुसऱ्या दिवशी बापूंनी फ्रिज आणला. रिक्षात, मागच्या सीटवर, आडवा! स्वतः बापू पुढं ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर.

मी हादरलो. फ्रिज आडवा आणला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत जातं. उभा करून काही तास तसाच ठेवायला पाहिजे. मी जाहीर केलं, "उद्यापर्यंत कुणी बटण लावायचं नाही!"

"उद्यापातुर?" बापू म्हणाले. "बाळंतीण हाय काय ती?"

सुमननं मात्र तेवढ्यात हळदकुंकू लावलं, दारावर स्वस्तिक काढलं, नारळ घेतला. आता नारळ फोडायचा कुठं? फ्रिजसमोर फोडला तर हादरा बसेल म्हणून मी बाहेर बाकाजवळ फोडायला लावला. दस्तगीरभाईंनी नारळाचं पाणी वाटीत धरलं आणि म्हणाले, "सर, पहिलं थंड पेय हेच. तुमचा फ्रिज चालू व्हायची वाट बघत बसलो तर उन्हाळा जाईल."

संध्याकाळी निखिलचा व्हिडिओ कॉल आला. सुमननं त्याला नवा फ्रिज दाखवला.

"आई, एवढुसा? हॉटेलमधला मिनीबार वाटतोय!"

"हो ना," सुमन म्हणाली, "पाहुणे येतील ते आतलं जे घेतील त्याचं बिल लावणार."

तो हसला. मग म्हणाला, "पण आम्ही आलो तर?"

मी फोनकडं सरकलो. हेच तर मी म्हणत होतो! पण सुमन माझ्याआधी बोलली. "आलास तर बापूंच्या फ्रिजमध्ये ठेवू."

"काय, सामान?"

"तुला!"

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो असेन. आठवत नाही. एवढं आठवतं की कधी येणार, हे त्या कॉलमध्ये कुणी विचारलं नाही.

फ्रिज कोनाड्यात ढकलल्यावर बाजूला जागा उरली. सुमननं लगेच तिथं भांड्यांची मांडणी रेटली आणि वरच्या मोकळ्या जागेत फळी मारून डबे लावले. एका दुपारीत कोनाडा गच्च भरला.

*

इमारतीतले सगळे फ्रिज छोटेच. त्यामुळे पुढं पुढं असं झालं की कुणाचा फ्रिज कुणाचा, हेच कळेना. आमचं विरजण बापूंकडं. बापूंचं आखाडातलं मटण दस्तगीरभाईंकडं, कारण बापूंच्या सूनबाईंचा श्रावण आधीच सुरू झालेला असायचा. दस्तगीरभाईंचं औषध आमच्याकडं. ते एकटेच राहायचे. औषध घ्यायला म्हणून यायचे आणि चहा होईपर्यंत बसायचे.

एकदा सकाळी सहालाच बेल वाजली. बापू दारात, अंघोळ करून, गंध लावून.

"सर, माझं दही तुमच्याकडं अडकलंय. सोडा त्याला!"

सुमन आतून म्हणाली, "सोमवारचा उपास ना तुमचा? त्या दह्यात काल कांदा घातला मी."

बापू उंबऱ्यावर बसले. "वैनी, देव म्हणंल बापू दुसऱ्याच्या फ्रिजवर उपास करतोय, म्हणून बाटलाय!"

त्या दिवशी त्यांना दस्तगीरभाईंनी दही दिलं. त्याच दह्यावर बापूंचा सोमवार पार पडला.

*

एका दिवाळीच्या सुट्टीत निखिल सहकुटुंब गाडीनं पुण्याला सासुरवाडीला निघाला होता. घरी यायला वेळ नव्हता. पण आमच्या हायवेवरूनच जाणार होता. म्हणाला, "आई, उड्डाणपुलाजवळ पाच मिनिटं थांबतो. डबा दे."

सुमननं दोन दिवस स्वयंपाक केला. सुकं मटण, तांबडा रस्सा, मुलांसाठी बिनतिखटाचं वेगळं, करंज्या. डबा एवढा मोठा झाला की आदल्या दिवशी तो आमच्या फ्रिजमध्ये शिरेना. कप्पे काढले, तरी शिरेना. मी म्हणालो, "बघ! म्हणत होतो ना मी!" सुमन मोकळे डबे शोधायला लागली. डब्याचे तीन डबे करून तिघांच्या फ्रिजमध्ये ठेवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही हायवेला जाऊन उभे राहिलो. तिथं डबे घेऊन उभी असलेली आणखी दोन म्हातारी जोडपी होती. एकीनं सुमनला विचारलं, "तुमचा कुठनं?" सुमन म्हणाली, "बंगळूर." ती म्हणाली, "आमचा बी."

त्यांच्या गाड्या आल्या, थांबल्या, गेल्या. मग फोन आला. "बाबा, सॉरी, पोरं झोपली होती. ड्रायव्हरला सांगायचं राहिलं. आम्ही साताऱ्याच्या पुढं आलोय."

आम्ही डबा घेऊन परत आलो. मी फ्रिजचं दार उघडून उभा राहिलो, पुन्हा कप्पे काढायला लागलो. सुमन म्हणाली, "राहू द्या. बापूंना हाक मारा. दस्तगीरभाईंना पण."

चौघं जेवायला बसलो. बापूंनी तांबडा ओरपला, दोनदा घेतला आणि तृप्त होऊन म्हणाले, "वैनी, तुमचा पोरगा असाच जाऊ दे की हायवेनं, दर महिन्याला!"

बोलून गेले आणि त्यांच्या लक्षात आलं. दस्तगीरभाईंचा घास हातात राहिला.

आधी सुमनच हसली.

*

सुमनला जाऊन आता काही वर्षं झाली. निखिल आला होता तेव्हा, तिसऱ्या दिवशी गेला. जाताना म्हणाला, "बाबा, आता एकट्याला हा फ्रिज बास झाला, नाही?"

अलीकडं स्वयंपाकघरातला पाइप गळायला लागला म्हणून मांडणी हलवावी लागली, फळी काढावी लागली. फ्रिजही बाहेर ओढला. इतक्या वर्षांत कोनाडा मी पहिल्यांदाच रिकामा बघितला. मला तो मोठा वाटला. पण माझ्या वाटण्यावर मी कधीच विसंबत नाही.

बाकावर येऊन बापूंना विचारलं, "सुमननं कोनाडा मापला तेव्हा काय म्हणाली होती?"

"चार बोटं कमी. तितंच हुतो की मी."

"तुम्ही बघितलं होतं?"

"मी कशाला बघू? वैनी वीत धरून हुत्या. लई येळ हुत्या, हे खरं. परत परत मापत हुत्या. मग म्हणाल्या, चला बापू, न्हाय बसत."

पुढच्या रविवारी बापूंच्या पुतण्याचं काही होतं म्हणून कागलला गेलो. पडवीत आमचा फ्रिज उभा. अजून चालू! दारावर निखिलनं लहानपणी चिकटवलेली मोटारींची चित्रं तशीच. बापूंच्या भावजयीनं मला पाणी दिलं, त्याच फ्रिजमधलं. मी खिशातून टेप काढली. बापू म्हणाले, "सर, परत न्यायचा इचार हाय काय?" मी नाही म्हणालो आणि फ्रिज मापला. रुंदी, उंची, खोली.

घरी येऊन कोनाडा मापला. माझ्या मापावर माझा विश्वास नाही, म्हणून दस्तगीरभाईंना बोलावून त्यांच्याकडून मापून घेतला.

फ्रिज आरामात बसला असता. वर हवा खेळायला जागा राहिली असती. आणि बाजूला चार बोटं उरली असती.