टेंपरवारी आप्पा

कॉम्प्युटरसमोर बसून चुका करण्यात आमच्या क्लार्कआप्पांना उभ्या निपाणीत जोड न्हाय, आणि पार चिकोडीपर्यंत शोधलं तरी मिळंल असं मला वाटत न्हाय. आप्पा माझ्या नात्यातले कुणी न्हवंत. मी शिकलो त्या शाळेचे ते क्लार्क, आणि राहायला आमच्याच गल्लीत. चष्मा कपाळावर चढवून, मान एका बाजूला टाकून "बापाला घिऊन ये, मग बोलू" म्हणायची त्यांची तऱ्हा मी दर गॅदरिंगला स्टेजवर करून दाखवायचो. सगळी पोरं हसायची, पण पहिल्या रांगेतनं सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते आप्पाच. खाली उतरलो की बोलवून घ्यायचे. "मान डावीकडं टाकतो मी. तू उजवीकडं टाकलास. पुढच्या खेपेला नीट बघून कर."

रिटायर झाल्यावर म्हैसूरच्या लेकीनं त्यांना तिचा जुना कॉम्प्युटर पाठवला. आप्पांनी तो पुढच्या खोलीत मांडला आणि त्याला आक्कांच्या, म्हणजे त्यांच्या मंडळींच्या, जुन्या शहापुरी लुगड्याचं झाकण शिवून घेतलं. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय त्याच्यासमोर बसायचं न्हाय हा नियम. का विचारलं तर म्हणायचे, "ऑफिस हाय ते." स्क्रीनच्या तळाला जी पट्टी असते, जिला तुम्ही-आम्ही टास्कबार म्हणतो, तिला आप्पा ‘कट्टा’ म्हणतात. कारण आमच्या गल्लीच्या तोंडाला जशी माणसं कट्ट्यावर ओळीनं बसतात, तशी त्या पट्टीवर चित्रं बसलेली. फायलींची पिवळी पेटी म्हणजे ‘दप्तर’. इंटरनेटचं गोल चित्र म्हणजे ‘गावभवानी’. पत्त्यांचा डाव म्हणजे कट्ट्यावर पत्ते कुटत बसणारा ‘मेंबर’. कुणी कुठं बसायचं तेही ठरलेलं. एकदा माझ्या हातून गावभवानी दप्तराच्या आधी बसली, तर आप्पा दिवसभर माझ्याशी बोलले न्हाईत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "सीनियॉरिटी काय हाय का न्हाय?"

आणि चुका! कन्नड कीबोर्ड चालू ठेवून इंग्रजी पासवर्ड मारायचा. कॉम्प्युटरनं चौकट उघडून ‘हो की नाही’ विचारलं, की त्या चौकटीच्या बाहेरच दाबत बसायचं. मी शिकवून शिकवून दमलो. "आप्पा, आधी त्याला हो न्हायतर न्हाय म्हणा, मग बाकीचं." आप्पा "व्हय व्हय" म्हणायचे आणि परत बाहेर दाबायचे. मग कॉम्प्युटर ओरडायचा, "अय्य! परत तेच कराय लागलासा?"

होय, असंच ओरडायचा. ती करामत माझी. लेकीच्या बाळंतपणाला आक्का म्हैसूरला निघाल्या, त्या दिवशी मी सामान उचलू लागायला गेलतो. आप्पांनी लोणच्याच्या बरणीत चटणी भरली आणि आक्का कडाडल्या. माहेर चिकोडीकडचं, घरात कन्नड, त्यामुळं त्यांचं ते ‘अय्य’ थेट बेंबीपासनं निघतं. मी मोबाईलवर गुपचूप भरून घेतलं आणि गंमत म्हणून कॉम्प्युटरच्या चुकीच्या घंटेच्या जागी बसवून टाकलं. आक्का "दोन म्हैन्यात येतो" म्हणून गेल्या. ते बाळ आता चालतंय आणि कन्नडमधनं भांडतंय. आक्का तिकडंच.

मी हल्ली बेळगावात एका ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळतो, रविवारी घरी येतो. एका रविवारी चहाचा कप तोंडाला लावतोय तोवर आप्पांचा फोन.

"लगोलग ये रं. कट्टा मोकळा झालाय. सगळी माणसं उठून गेलीत."

जाऊन बघतो तर खरंच. दप्तर न्हाय, मेंबर न्हाय, मागं लावलेला नातवाचा फोटो न्हाय. नुसतं निळं आभाळ.

"काय दाबलासा आप्पा?"

"काय बी दाबलो न्हाय. लाईट गेली, आली. चालू केलो, तर हे असं."

मी एकेकाला शोधून परत कट्ट्यावर बसवलं, सीनियॉरिटीनं. आप्पा म्हणाले, "टिकतंय का बघू," आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. परत सगळं साफ. तेव्हा कुठं कोपऱ्यातली इंग्रजी सूचना मी नीट वाचली आणि आप्पांना मराठीत सांगितली. "आप्पा, ह्यानं तुम्हाला टेंपररी प्रोफाइलवर आत घेतलंय. आता इथं जे कराल ते बाहेर पडताना पुसून टाकणार म्हणतंय."

आप्पा उभे राहिले. "कुणाला? मला? टेंपरवारी?"

हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा न्हाय, हे गल्लीतल्या बारक्या पोरालाबी ठाऊक आहे. तरणेपणातली कित्येक वर्षं ते शाळेत टेंपरवारी क्लार्क होते. दर जूनला हेडमास्तरांच्या दारात उभं राहायचं, ‘यंदा घेतलं की न्हाय’ बघायचं. पर्मनंटची ऑर्डर आली त्या दिवशी आक्कांनी सगळ्या गल्लीला कुंदा वाटला होता.

"पर्मनंट हून रिटायर झालोय मी!" आप्पा स्क्रीनवर बोट रोखून म्हणाले. "सांग त्येला. पेन्शन खातोय म्हणून सांग!"

मला राहवेना. मी माझा चष्मा कपाळावर चढवला, मान टाकली, ह्या खेपेला डावीकडं, आणि कॉम्प्युटरला म्हटलं, "बापाला घिऊन ये, मग बोलू." आप्पा हसले न्हाईत. खाली बसले, एक चौकट उघडली आणि तिच्या बाहेर दाबलं.

टण.

परत दाबलं. टण.

"हे काय बोलतंय रं?"

"चूक झाली म्हणतंय. कॉम्प्युटरचा मूळचा आवाज हाय तो."

"मूळचा आक्काचा हाय," आप्पा म्हणाले.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मी इतके दिवस ज्या माणसाला चुका टाळायला शिकवत होतो, तो चुका शोधून शोधून करत होता.

"फोन लावा की आक्कांना," मी म्हटलं.

"लावतो की रोज. फोनवर लई ग्वाड बोलती. जेवलासा काय, गोळी घेतलासा काय. जावई शेजारी बसलेला असतोय न्हवं. परक्या बाईसंगं बोलल्यागत वाटतंय बघ. रागं म्हणून भरत न्हाय."

ज्या मोबाईलवर आवाज भरला होता, तो मी कधीच विकलेला. नक्कल मात्र माझ्या हातची. मी घसा साफ केला आणि जीव ओतून म्हटलं, "अय्य! परत तेच कराय लागलासा?" आप्पांनी डोळे मिटून ऐकलं.

"सूर बरोबर हाय," ते म्हणाले. "पण तुला माझा राग कुठं आलाय?"

मग मी थट्टा बंद केली आणि कामाला लागलो. आप्पांच्या जुन्या फायलींची जागा शाबूत होती, फक्त कॉम्प्युटरला तिचा रस्ता सापडत नव्हता. आत खोलवर त्यांच्या नावाच्या दोन नोंदी निघाल्या. एक तात्पुरती, आणि दुसरी खरी, जिला कॉम्प्युटरनंच ‘बॅक’ अशी शेपटी लावून मागं ढकललेलं. मी त्या नोंदींची एक नक्कल बाजूला ठेवली, तात्पुरतीचं नाव बदललं, खरीची शेपटी काढली आणि कॉम्प्युटर परत चालू केला. आप्पा तोवर आत जाऊन शर्ट बदलून आले. इस्त्रीचा.

नातवाचा फोटो आला. कट्ट्यावर दप्तर, गावभवानी, मेंबर, सगळे आपापल्या जागेवर. आप्पांनी तिकडं बघितलंबी न्हाय.

"करा की चूक," मी म्हटलं.

आप्पांनी चौकट उघडली. बोट नेमकं ‘नाही’वर पडलं. बरोबर झालं. परत उघडली. परत बरोबर. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला चूक जमेना.

"कशी करायची रं?" माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं.

"बाहेर दाबा आप्पा. सावकाश."

त्यांनी दाबलं.

"अय्य! परत तेच कराय लागलासा?"

आप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, कॉलर नीट केली. "न्हाय करत गं," हळूच म्हणाले, आणि परत दाबलं.

निघताना मी विचारलं, "आक्का कधी येणार?"

"टेंपरवारीच गेलीया की," आप्पा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "जूनला बघू म्हणती."

चप्पल घालून मी गल्लीच्या तोंडापर्यंत आलो, तरी मागनं आक्का रागावतच होत्या. तिथला खरा कट्टा रिकामा होता. आमच्या वयाचं कोण बेळगावात, कोण पुण्यात, कोण बेंगळूरला. बसणार कोण?

आता ऑफिसात माझ्या हातून काही चुकलं की कॉम्प्युटर टण म्हणतो. तेवढंच. आणि मी उगाच हात थांबवून ऐकत राहतो, पुढं कुणी काही बोलतंय का.