उजव्या कोपऱ्यातलं ऊन

ओडिलो स्टांगचा कशावरच पटकन विश्वास बसायचा नाही. बाटलीवरची तारीख वाचूनही तो दूध वास घेऊनच प्यायचा. बारमधल्या मांसाच्या सोडतीत मेव्हण्याला, म्हणजे लॅम्बर्टला, लागोपाठ दोनदा हॅम लागलं, तेव्हापासून त्याने तिकीट काढणंच सोडलं. डेअरीत त्याचं काम लोणी तपासायचं. संशय घेण्याचा पगार मिळणारा असा माणूस मिनेसोटात दुसरा नसेल.

रविवारी मात्र तो सेंट लिओबा गावाच्या बेसबॉल संघाचा आउटफिल्डर, म्हणजे मैदानात मागे उभं राहून लांबचे झेल घेणारा. कित्येक वर्षं मैदानाचा मागचा उजवा कोपरा त्याचाच. संध्याकाळी सूर्य चर्चच्या मनोऱ्याशी आला की तिथे डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा उभा राहतो. अशा वेळी अंग तिरपं करून, हातमोज्याची सावली डोळ्यांवर धरून झेल घ्यायचा, ही त्याची विद्या. ती त्याने कुणाला शिकवली नाही. शिकवली की आपली गरज संपली, असं त्याचं साधं गणित होतं.

मे महिन्यात शेजारच्या गावचा संघ मोडला आणि ब्रॉडी व नोलन हे दोन आउटफिल्डर मोकळे झाले. लॅम्बर्ट सेंट लिओबाच्या संघाचा मॅनेजर. त्याने दोघांनाही बोलावलं. जागा एकच होती. फटके मारून दोघांना झेल दे आणि कुणाला घ्यायचं ते तूच सांग, असं त्याने ओडिलोला सांगितलं.

ओडिलोच्या मनात पाल चुकचुकली. मागच्या फळीतून कोणीच संघ सोडून चाललं नव्हतं. मग ही जागा कुणाची? गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारा तिथे तो एकटाच होता. म्हणजे आपल्याच हाताने आपला काटा काढायचा! त्यात लॅम्बर्ट बाकावर बसून सामानाच्या खोलीची किल्ली, जी मॅनेजरकडेच असायची, बोटाभोवती फिरवत होता. तेही ओडिलोला खटकलं.

दोन-चार फटक्यांतच फरक कळला. ब्रॉडी प्रामाणिक, पण पायांनी जड. नोलन चेंडू बॅटवरून सुटताच निघायचा आणि तो पडायच्या आधी तिथे हजर असायचा. भीती होती ती याचीच.

सूर्य मनोऱ्याशी आला. ओडिलोने नोलनला उजव्या कोपऱ्यात पाठवलं आणि ब्रॉडीला डावीकडे, झाडांच्या सावलीत. मग चेंडू उंच, अगदी उंच मारले. ब्रॉडीने सगळे घेतले. नोलनचे सुटले, एक तर खांद्यावर आदळला. तरी पोरगं पुन्हा जागेवर जाऊन उभं राहिलं.

"ब्रॉडी घे," ओडिलो बाकाशी येऊन म्हणाला. "दुसरा नुसता पळतो."

"दोघांना आळीपाळीने उन्हात का नाही उभं केलंस?"

"सुचलं नाही."

"तुला? तुला ते ऊन सुचलं नाही?"

ओडिलो तापला. "मला काढायचंय तर तोंडावर सांग ना. असं आडून कशाला?"

लॅम्बर्टने किल्ली फिरवायची थांबवली. "जागा तुझीच होती, ओडिलो. मी मॅनेजरचं काम सोडतोय. संघ तुझ्या हाती द्यायचा होता. तुला माणसं पारखता येतात का, तेवढंच बघत होतो."

त्याने किल्ली खिशात टाकली आणि तो खोलीकडे निघाला. ओडिलोने सवयीने त्याच्या बोलण्यात खोट शोधली. सापडली नाही.

तेवढ्यात नोलन खांदा चोळत आला. डोळ्यांतून अजून पाणी वाहत होतं. "काका, त्या उन्हात तुम्ही झेल घेता तरी कसे? मला दाखवाल?"

लॅम्बर्ट खोलीच्या दाराशी थांबला. त्याचा हात खिशात होता.

ओडिलोने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे. मग आवाज खाली आणून विचारलं, "हे विचारायला तुला त्याने पाठवलं का?"

"कुणी?" नोलन म्हणाला.

लॅम्बर्टने दार ओढून कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन तो गाडीकडे चालू लागला.