उजव्या खांद्याचं पॅड

ती फिर्याद आठवली की आजही मला हसू येतं. ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एका संध्याकाळी जवळच्या गावठाणातलं एक ख्रिस्ती कुटुंब नटूनथटून ठाण्यात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचं लग्न, आणि त्याचा नवाकोरा कोट घरातून चोरीला गेला होता.

त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणतात. अख्खं घर बँडमागे गेलं, दार नुसतं लोटलेलं. परत येतात तो हँगर रिकामा. दागिने, घड्याळ सगळं जागेवर. इतका चोखंदळ चोर मी पाहिला नव्हता.

"काय पण करा साहेब, पोरगा उद्या नुसत्या शर्टावर उभा राहील काय?" नवऱ्याची आई म्हणाली. नवरदेव रडायच्या बेतात होता.

ठाणे अंमलदारानं फिर्याद लिहायला घेतली आणि मी हवालदाराला घेऊन गावठाणात गेलो. नाक्यावरच्या मासळीवालीनं खबर दिली. बँड विहिरीकडे गेल्यावर गावचा शिंपी कागदात काहीतरी गुंडाळून पळत होता. "त्याला धावताना कधी बघितला नाय, म्हणून ध्यानात राहिलं." माणूस रोज करत नाही ते बघणाऱ्याच्या बरोबर लक्षात राहतं. आमचा अर्धा तपास त्यावरच चालतो.

शिंपी मूळचा मालवणकडचा, साठीचा. दुकानात गेलो तर त्यानं शांतपणे बिलबुक पुढे केलं. "कोट परवाच दिलंय साहेब. ही तेंची सही." सही होती, आणि बिलाला कोटाच्या राखाडी कापडाचा तुकडा टाचलेला. तसेच धागे त्याच्या लेंग्यावर चिकटले होते. मी तो तुकडा त्याच्या गुडघ्यावर धरला. त्यानं मशीनमागून कोट काढला. उजवा खांदा उसवलेला.

"एका खांद्याचा पॅड घालूचा रवला. आज टेबल झाडताना गावला."

"त्यांनी घालून बघितला, पसंत केला, सही दिली. तुम्ही सुटलात की."

"तेंका दिसला नाय, पण माका म्हायत होता ना."

"मग सांगून न्यायचा."

"तीस वर्षां सांगतंय, माझ्या कोटाक परत सुई लावची लागना नाय. आता खंयच्या तोंडान सांगू?"

बँड परतायच्या आत कोट हँगरवर लावायचा त्याचा बेत होता. बँड लवकर परतला.

मला हसू आवरेना. "आधी काम पुरं करा," म्हणालो आणि घरच्यांना बोलावून घेतलं. ते येईपर्यंत शेवटचा टाका पडला. आईनं मुलाच्या दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला आणि शिंप्याला म्हणाली, "मेल्या, तोंड उघडलं असतंस तर चहा पाजला असता. उद्या जेवायला ये." फिर्यादीवर सही झालीच नाही. बेइमानीचा हेतू नाही तिथे चोरी कसली, असं आमचे वरिष्ठही म्हणाले.

आग्रहाचं बोलावणं मलाही होतं. जोडपं चर्चमधून बाहेर आलं तेव्हा सगळे नवरीकडे बघत होते, शिंपी एकटा नवऱ्याच्या खांद्यांकडे. मग त्यानं मोठा श्वास सोडला. कायद्यानं तो सहीच्या दिवशीच करारातून मोकळा झाला होता. खरा मोकळा तो चर्चच्या पायरीवर झाला, आणि मला फार आनंद झाला. पुढे कुणालाही चोर ठरवण्याआधी मी एक गोष्ट विचारू लागलो: तुझं इथे काही काम राहिलं होतं का?