आत्या अचलपूरला बोलली

आत्याला अचलपूरला न्यायचं की नाही, यावर अकोल्यात आमच्या जठारपेठेतल्या घरी आठवडाभर खल चालला होता. सुमनआत्या खगोलशास्त्रज्ञ. सगळी नोकरी दक्षिणेतल्या वेधशाळेत केली आणि निवृत्तीनंतर आमच्याकडे राहायला आली. गेल्या दिवाळीत तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलताना शब्द सापडेनासे झाले. त्यातच तिच्या गावच्या शाळेनं मुलांशी बोलायला बोलावलं. मी नको म्हणाले. चारचौघांत अडली, तर ही पुन्हा तोंडच उघडणार नाही, अशी मला धास्ती. तिनं मात्र गुपचूप पिशवी भरली.

जाणार असाल तर अकोल्याहून सकाळची परतवाड्याची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. अकोट सोडलं की डावीकडे सातपुडा लागतो, म्हणून खिडकी त्या बाजूची घ्या. परतवाड्याच्या स्टँडवर आम्ही गरम आलूबोंडे खाल्ले, तिखट लागले म्हणून वर चहा घेतला आणि ऑटोनं शेजारच्या अचलपुरात शिरलो.

हे गाव एके काळी वऱ्हाडची राजधानी होतं. जुन्या परकोटाचा दरवाजा दिसताच आत्यानं ऑटो थांबवायला लावला. लहानपणी ती घराच्या गच्चीवरून या भिंतीमागून वर येणारे तारे बघायची. तोच तारा रोज थोडा लवकर कसा दिसतो, हे घरात कुणाला सांगता येईना. तिथून तिचं सगळं सुरू झालं.

शाळेत तिची बालमैत्रीण कमलताई भेटल्या, त्याच शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. आत्यानं छापील मराठीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला थांबली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मुलं चुळबुळू लागली. मी उठणार, तोच कमलताईंनी माझा हात दाबून ठेवला.

"सुमे, इतकं शुद्ध कावून बोलून राह्यली?" त्या म्हणाल्या. "आपल्यासारखं सांग ना पोराइले."

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग हळूहळू वऱ्हाडी सुरू झाली, आणि थांबलीच नाही. या परकोटावरून शिपाई शत्रूची वाट बघत, आणि आपण ताऱ्यांची बघितली, असं तिनं सांगितलं. मग वेधशाळेतून स्वतः पाहिलेल्या एका ताऱ्याबद्दल बोलली. तो मधूनच मंद व्हायचा. लोक यंत्राला दोष देत. कित्येक वर्षांनी सिद्ध झालं, की त्याच्या आडून दुसरा तारा जातो.

एका मुलीनं विचारलं, "तुमाले कोनी खोटं नाई म्हटलं?"

"म्हटलं ना," आत्या म्हणाली. "सर्वात जास्त मीच म्हटलं माह्या मनाले. तरी पाहत राह्यली."

परतीच्या बसमध्ये ती अंजनगावपर्यंत बोलत होती, मग माझ्या खांद्यावर झोपली. कित्येक महिन्यांनी माझ्याही मनावरचं ओझं उतरलं. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, असं होतं कधीकधी, लहानपणीची बोली टिकून राहते. घरी आता आम्ही सगळे तिच्याशी वऱ्हाडीच बोलतो. मला नीट येत नाही, तर ती चुका काढते.

काल अमरावतीच्या एका कॉलेजातून व्याख्यानासाठी फोन आला. मी नेहमीसारखं नाही म्हणणार होते. आत्यानं माझ्या हातून फोन घेतला.

"येतो ना," ती म्हणाली. "कधी येऊ सांगा."