पोळ्याचा बैल आणि क्रीम रंग

न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघताना शशीनं गाडीपुढं नारळ फोडला नाही. आमच्यात नवी गाडी आणली की नारळ, लांबच्या प्रवासाला निघालं की नारळ. विकायला नेताना काय करतात ते आमच्या आईनं कधी सांगितलंच नव्हतं. मेधानं, म्हणजे शशीच्या बायकोनं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या मांडीवर ठेवली. दहा वर्षांची तन्वी दारातूनच गाडीला "बाय, ओल्ड लेडी" म्हणाली आणि आत पळाली.

शशी माझा धाकटा भाऊ. दोन हजार आठचा ऑक्टोबर होता. आदल्याच महिन्यात त्याची नोकरी गेली होती. व्हिसा नोकरीला बांधलेला आणि ग्रीन कार्डाचं घोडं सात वर्षं पेंड खात पडलेलं, तेव्हा गाशा गुंडाळून परत जाण्यावाचून मार्ग नव्हता. बांधाबांधीला हात लावायला मी तीन आठवड्यांसाठी चिंचवडहून आलो होतो. शेहेचाळिसाव्या वर्षी तिकडे कोण विचारणार, हे त्यालाही ठाऊक होतं. "गाडी चांगली गेली तर पिंपरीत छोटं गॅरेज टाकीन, दादा," असं तो फोनवर म्हणाला होता. सगळी भिस्त त्या गाडीवर होती.

गाडी म्हणजे सत्तर सालची मसल कार (अंगापेक्षा इंजिन मोठं असलेली दोन दारांची अमेरिकन मोटार). न्यू जर्सी मागं पडून पेनसिल्व्हेनिया लागलं तसे रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल-पिवळे डोंगर सुरू झाले. इंजिन एका सुरात गुरगुरत होतं. शशी एरवी गाडी चालवताना अखंड बडबडतो. त्या दिवशी दोन्ही हात चाकावर ठेवून नुसता रस्ता बघत होता.

मी ती गाडी पहिल्यांदा पाहिली दोन हजार तीनमध्ये. बायको जाऊन वर्ष झालं होतं. शशीनं हट्टानं सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. गाडी तेव्हा भडक नारिंगी होती. बॉनेटवर काळे पट्टे, मागं हा एवढा पंख, दोन्ही दारांवर नाकातून धूर सोडणारा बैल. मी म्हटलं, "अरे, पोळ्याचा बैल दारात बांधलायस की काय? चार लोकांत शोभतं का हे?" तो हसला. "दादा, हाच तर तिचा माज आहे."

मी स्कूटरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं रंगखात्यात काढली, शेवटची अकरा फोरमन म्हणून. एडिसनला मुलगा नाहीतर भाऊ सकाळी ट्रेन पकडून गेला की आम्ही वडीलधारी मंडळी दिवसभर काय करतो, हे तिथल्या कुठल्याही घरात विचारा. कुणी कुंपण रंगवतं, कुणी नळ सोडून परत बसवतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. शशी दोन आठवडे कामासाठी शिकागोला गेला आणि माझे हात शिवशिवायला लागले.

मेधाच्या केस वाळवायच्या मशीननं पट्टे आणि दारांवरचे बैल गरम करून सोलले. एकही तुटू दिला नाही, याचा केवढा अभिमान मला. पंख काढून भोकं पुट्टीनं बुजवली. बॉनेटखाली दोन स्क्रूंनी बसवलेला एक गंजका पत्रा होता, त्यावर नुसते आकडे-अक्षरं. तोही काढून टाकला, स्वच्छ दिसावं म्हणून. मग पॉलिश पेपर, प्रायमर, भाड्याची स्प्रे गन आणि क्रीम रंगाचे तीन हात. डॉक्टरांच्या गाडीला असतो तसा, सोज्वळ. शशी परत आला, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दादा, फिनिशिंग अगदी फॅक्टरीसारखं आलंय." दसऱ्याला आम्ही त्याच बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. फोटो काढला. तो फोटो मी पाच वर्षं चिंचवडभर दाखवत फिरलो.

लँकेस्टरच्या अलीकडे एका चढावर गाडी तापली. रेडिएटर निवेपर्यंत गवतात बसून दशम्या खाल्ल्या. शेजारून आमिश लोकांच्या (वीज-मोटारी न वापरणारा तिथला एक धर्मपंथ) घोडागाड्या जात होत्या. सगळ्या एकसारख्या, ना फूल ना रेघ. मी म्हटलं, "बघ, किती सभ्य दिसतात." शशीनं नुसतं "हं" केलं आणि दशमीचा तुकडा तसाच डब्यात ठेवला. मला वाटलं, पोटात गडबड असेल.

दुपारी बाराच्या सुमाराला जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या मेळ्याच्या मैदानावर पोचलो. जत्राच ती. ओळीनं शेकडो जुन्या गाड्या, भाजलेल्या मक्याचा वास, घडीच्या खुर्च्यांवर बसलेले पांढऱ्या केसांचे मालक. पण मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. सोज्वळ गाड्यांपुढं कुत्रं फिरकत नव्हतं. जांभळ्या, पोपटी, लिंबासारख्या पिवळ्या, पट्ट्यांच्या आणि पंखांच्या गाड्यांभोवती मात्र ही गर्दी. आमच्या गाडीपाशी तासभर कुणी आलं नाही. एक बाई आली, तिनं बाथरूम कुठं ते विचारलं.

शेवटी एक उंच म्हातारा आला. डोक्यावर तेलकट टोपी, खिशात टॉर्च. शेजारच्यांनी सांगितलं, हा सांगेल तो शब्द इथं शेवटचा. शशी लगबगीनं उठला. खिशातून पाकीट काढलं, त्यात नारिंगी रंगातले जुने फोटो. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, तू जरा कॉफी घेऊन ये ना. लांबच्या स्टॉलवरची आण, ती चांगली असते." मी निघालो, पण पैशाचं पाकीट गाडीतच राहिलं होतं म्हणून अर्ध्या वाटेतून फिरलो. बॉनेट वर केलेलं होतं. पलीकडून त्या दोघांना मी दिसत नव्हतो.

"पत्रा कुठं आहे?" म्हातारा विचारत होता.

"हरवला," शशी म्हणाला.

"मग कठीण आहे. कारखान्यातून ती पट्टे आणि बैल घेऊनच निघाली, हे तो पत्रा सांगतो. फोटो एवढंच सांगतो, की कधीतरी कुणीतरी ते चिकटवले होते."

"रंग पुन्हा नारिंगी केला तर?"

"कर की. मग ती आणखी एक नक्कल." म्हाताऱ्यानं टॉर्च विझवला. आवाजात वाईटपणा नव्हता. "अशा गाड्या पोरांनी घेतल्या. पोरांची लग्नं झाली, मग लाज वाटायला लागली. पट्टे सोलले, पंख काढले, सभ्य रंग दिला. म्हणून मूळच्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, आणि ज्यांना तेव्हा परवडल्या नाहीत त्यांचे केस आता पिकलेत. नुसत्या भडकपणाला कुणी विचारत नाही. त्या पलीकडच्या गाडीला गेल्या वर्षी पट्टे लावलेत, तिच्यापुढं कोण आहे का बघ. भडकपणा जन्माचा हवा, आणि टिकलेला हवा." त्यानं बॉनेटवर बोट फिरवलं. "काम मात्र सुरेख आहे. कुणी केलं?"

"माझ्या मोठ्या भावानं," शशी म्हणाला. कौतुकानं म्हणाला, हो. मी कान देऊन ऐकलं.

करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं म्हणतात. माझं माकडही झालं नव्हतं, मी भावाचं गॅरेज सोलून कचऱ्यात टाकलं होतं. मी खरंच लांबच्या स्टॉलवर गेलो, दोन कॉफ्या आणल्या आणि काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. आमच्या घरात तो चेहरा सगळ्यांना येतो.

चार वाजता एक गिऱ्हाईक मिळालं. त्याला फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स हवे होते, त्याच्या मूळच्या पट्टेवाल्या गाडीत बसवायला. मी माझ्या कारखानी इंग्रजीत विचारलं, "आणि बॉडी?" तो म्हणाला, "खालून गंजलीय. भंगारात." जे मिळालं त्यात गॅरेज सोडा, गॅरेजचं शटरही आलं नसतं. शशीनं किल्ली दिली. ट्रेलरवर चढताना त्या क्रीम रंगावर ऊन पडलं होतं. एक सुरकुती नाही, एक ओघळ नाही. इतका चांगला रंग मी आयुष्यात दुसरा दिला नाही आणि मला तो नखानं खरवडून काढावासा वाटला.

परतीला भाड्याची गाडी घेतली. वाटेत एका डायनरमध्ये (हमरस्त्याकडेची खानावळ) थांबलो. समोर पाय (फळांचं सारण भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ) आली, दोघांनीही ती तोंडाला लावली नाही. मी विचारलं, "पत्र्याचं तुला तेव्हाच कळलं होतं?"

त्यानं काट्यानं पायचे तुकडे केले. "तू ऐकलंस होय?"

"शोधलास का?"

"कचऱ्याची गाडी गुरुवारी येते, दादा. मी शुक्रवारी आलो."

"मग बोलला का नाहीस? एक शब्द?"

"मेधा म्हणाली होती, तू जेवायलासुद्धा गॅरेजमधून उठत नव्हतास. शीळ घालत होतास." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "वहिनी गेल्यावर तुला तसा पाहिलाच नव्हता मी. मग काय बोलणार होतो यार?"

मला रडू आलं. साठी ओलांडलेला माणूस मी, परक्या देशात कागदी रुमालानं डोळे पुसत बसलो. वाढणाऱ्या बाईला वाटलं पाय बिघडली, तिनं ती बिलातून काढून टाकली.

नोव्हेंबरात आम्ही सगळे एकत्रच परतलो. माझ्या दोन खोल्यांत आता शशीच्या संसाराची खोकी छतापर्यंत आहेत. तो सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्कूटरवर मुलाखतींना जातो आणि दुपारी परत येतो. तन्वी कुणाशी बोलत नाही. भडक म्हणजे उथळ आणि सौम्य म्हणजे चांगलं, हे मी बत्तीस वर्षं पोरांना शिकवलं. ते खरं की खोटं मला आता ठरवता येत नाही, आणि ठरवून उपयोगही नाही.

आलो त्याच दिवसाची गोष्ट. सामान अजून जिन्यात होतं. शेजारचे जोशीकाका बाहेर आले आणि सवयीनं म्हणाले, "काय हो, ती तुमची क्रीम गाडी कशी आहे?" मी तोंड उघडलं, म्हटलं आता सांगून टाकावं. तेवढ्यात मागून बॅग घेऊन येणारा शशी हसून म्हणाला, "विकली, काका. पण काय सांगू, तिथले जाणकार लोक बघत राहिले. रंग दादानं दिलेला ना. फॅक्टरीसारखा."

जोशीकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शशीनं बॅग उचलली आणि तो वर गेला. एकदा तरी त्यानं मला शिव्या घालायला हव्या होत्या.