डब्याला कळलेलं वळण

उमरग्यात बंडप्पाला न ओळखणारा ड्रायव्हर सापडणं अवघड, आणि त्याच्यावर कधी न वैतागलेला सापडणं त्याहून अवघड. हॉटेलात चहा आला की हा आधी तो बशीत ओतून रंग बघणार. पंक्चर काढून आलेलं चाक पुन्हा पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते स्वतः तपासणार. डॉक्टरनं गोळी लिहून दिली तर औषधाच्या दुकानात 'हीच का ती?' असं विचारणार, आणि दुकानदार हो म्हणाला की त्या दोघांचं आतून काहीतरी आहे असं धरून चालणार. माणूस वाईट नव्हता. पण कुणाला तंबाखू लागते तसा ह्याला रोज थोडा संशय लागायचा.

एका ट्रस्टची रुग्णवाहिका तो चालवायचा. कर्नाटकच्या हद्दीलगतच्या गावांतून पेशंट उचलायचे आणि उमरग्याच्या दवाखान्यात पोचवायचे, हे त्याचं काम. म्हाताऱ्या बायांशी कन्नडमध्ये बोलायचा, त्यांना धीर द्यायचा, आणि त्यांच्या सोबत आलेल्या पोराला मात्र 'दारू पिलायस का?' म्हणून हुंगून बघायचा. स्ट्रेचरचे पट्टे दुसऱ्यानं बांधलेले असले की सोडून पुन्हा बांधायचा. त्यामुळं त्याच्या गाडीतून कधी कुणी पडलं नाही, हेही खरंच. अशा माणसाच्या गाडीत होळीच्या सुमारास एक डबा बसला.

डबा बसवायला आली ती हर्षाली, बेंबळीची मुलगी, पुण्यात शिकून आलेली. टपावर एक चपटी काळी पेटी आणि ड्रायव्हरच्या समोर एक छोटी काच. काचेवर पुढचा रस्ता रेघेसारखा दिसायचा. रेंज चांगली राहणार असेल तिथं रेघ हिरवी, पडणार असेल तिथं लाल. चालत्या गाडीतल्या पेशंटच्या छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, आणि त्याचं चित्र मोठ्या डॉक्टरांना सोलापुरात दिसावं, म्हणून हा सगळा खटाटोप होता.

"पर म्होरं रेंज जाणार हाय हे ह्याला आधीच कसं कळतंय?" बंडप्पानं विचारलं. त्याचा आवाज आधीच खाली आला होता.

हर्षालीनं पाना बाजूला ठेवला. "काका, चालत्या ट्रॅक्टरवर कडब्याच्या पेंढ्या फेकल्यात ना तुम्ही?"

"फेकल्यात की."

"ट्रॅक्टर आत्ता आहे तिथं फेकता का?"

"तिथं फेकली तर पेंढी मागं पडंल. जरा म्होरं फेकावी लागती."

"टॉवरचंही तसंच आहे. गाडी त्याला सांगते, इथं रेंज चांगली आहे. ते कळून टॉवर काही पाठवेपर्यंत गाडी पुढं गेलेली असते, पुलाखाली नाहीतर झाडीत. तोवर बातमी शिळी. म्हणून पुढं काय होणार त्याचा अंदाज आधीच बांधायचा. रेंज पडणार असं वाटलं की छातीची पट्टी अगोदर पाठवून द्यायची, चित्र मागनं गेलं तरी चालतं."

"आन् अंदाज कशाच्या जोरावर?"

"सवयीच्या. रेंज कशी वर-खाली होत आली, गाडी किती वेगात आहे, कुठं थांबते, कुठं वळते. रोज थोडं थोडं शिकतो तो."

कुठं वळते, हे ऐकलं आणि बंडप्पाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यानं मान डोलावली, पण हर्षाली निघून गेल्यावर त्या काचेवर आपला रुमाल टाकून ठेवला. कारण गाडी कुठं वळते हीच जगातली एकमेव गोष्ट त्याला लपवायची होती.

बंडप्पाची बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी, महेश्वरी, थोरल्या भावाच्या, नागप्पाच्या घरात वाढली. नागप्पा म्हणजे घरातला खांब. त्याच्यापुढं आवाज चढवायची बंडप्पाची उभ्या जन्मात हिंमत झाली नव्हती. दोन वर्षांपूर्वी महेश्वरीनं करंजवाडीच्या कुलदीपशी लग्न केलं. मुलगा मराठ्याचा, ही लिंगायताची, आणि विचारलं कुणालाच नाही. नागप्पानं त्या दिवशी चूल पेटू दिली नाही. तिचं नाव घरात काढायचं नाही, असं ठरलं. "कुणी तिच्याकडं गेल्याचं कानावर आलं, तर गळ्यातलं लिंग हातात घेऊन शपथ घ्यायला लावीन," असंही तो सगळ्यांसमोर म्हणाला होता.

बंडप्पाला भीती होती ती ह्या शपथेची. घरातनं काढलं असतं तर तो गाडीत झोपला असता. पण गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन एकदा 'जाणार नाही' म्हटलं, की ते मोडणं त्याच्यानं या जन्मी झालं नसतं. मुलगी कायमची गेली असती. तेव्हा उपाय एकच, नागप्पाच्या कानावर काही जाताच कामा नये. पेशंट उतरवून रिकामी गाडी परत हद्दीकडं घेऊन जाताना तो करंजवाडीच्या फाट्याला हळूच वळायचा. पहिलंच शेत कुलदीपचं. महेश्वरी बांधापर्यंत यायची, खिडकीतनं चहा द्यायची, दोघं इकडचं तिकडचं बोलायचे आणि गाडी माघारी फिरायची. उतरून उंबऱ्याला पाय लावायचा धीर त्याला कधी झाला नाही.

उन्हाळ्यात एकदा रुमाल सरकला. फाटा अजून बराच लांब होता, बंडप्पानं इंडिकेटर दिला नव्हता, स्टेअरिंगला हातही नीट लावला नव्हता, आणि काचेवरची हिरवी रेघ पुढं जाऊन अलगद करंजवाडीकडं वाकली. हा डबा गाडी वळायच्या आधीच तिकडची रेंज मोजायला बसला होता. जे त्यानं सख्ख्या भावाला कळू दिलं नाही, ते ह्याला पाठ झालं होतं.

त्या दिवसापासून त्याला सगळीकडं डोळे दिसायला लागले. ट्रस्टच्या ऑफिसात शिवानंद बसायचा, तो नागप्पाच्या साडूचा मुलगा. शिवानंदच्या टेबलावर संगणक होता. संगणकात डबा बोलत असणार, शिवानंद ऐकत असणार, आणि रविवारी गावी गेला की नागप्पाच्या ओसरीवर बसून सगळं ओकत असणार. कुठंतरी पाणी मुरत होतं, ह्याबद्दल बंडप्पाची खात्रीच पटली.

"काय काका, लांबनं आलाव जणू?" शिवानंदनं एकदा सहज विचारलं.

"जवळनंच आलो. का बरं?"

"आसंच. घामानं भिजलाव म्हणून म्हणलं."

घामाचं निमित्त, बंडप्पानं मनाशी नोंद केली. घरी नागप्पानं जेवताना नुसतं "गाडी बरी हाय का?" विचारलं तरी ह्याचा घास हातातच राहायचा. गाडीचं का विचारलं? आजच का विचारलं? अंगावर पडलेली प्रत्येक नजर तो उलटीसुलटी करून बघायचा, आणि तशी बघितली की साधी नजरसुद्धा वाकडी दिसते, हे त्याला कोण सांगणार?

फोन करून महेश्वरीला सांगावं, तर आता फोनवर त्याचा भरवसा राहिला नव्हता. चहावाल्याच्या हाती निरोप धाडावा, तर चहावाल्याचं तोंड म्हणजे उघडी मोरी. मग त्यानं आपल्या डोक्यानं एक तोड काढली. डबा सवयीवर जगतो ना? मग सवयच मोडायची. करंजवाडीला जायचं बंद. उलट बाकीच्या फाट्यांना कारण नसताना वळायचं. कधी वीटभट्टीकडं, कधी साखर कारखान्याच्या वाटेनं, कधी नुसतंच एखाद्या ओसाड मळ्यापर्यंत जाऊन माघारी. गाडी येडी झाली म्हणून लोक बघत राहायचे. बंडप्पाला मात्र मजा वाटायला लागली होती. यंत्राला चकवतोय, ह्याची एक घमेंड असते, ती त्याच्या मिशीत दिसायची.

काचेवरची रेघ आता गोंधळायची. फाटा आला की थरथरायची, इकडं तिकडं फुटायची. तरी तिचा एक बारीक कोंब करंजवाडीकडं वळायचाच. तो कोंब मरेपर्यंत दम धरायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

अशातच श्रावण आला आणि पंचमी आली. पंचमीला लेकीला माहेरचं बोलावणं जातं. बाप नाहीतर भाऊ न्यायला येतो, आणि न्यायला आला नाही तर निदान लाडू तरी येतात. त्या भागात त्यांना उंडे म्हणतात. शेंगदाण्याचे, तिळाचे, कडक पाकातले. गेल्या पंचमीला बंडप्पानं शांताक्काकडनं, म्हणजे दवाखान्याच्या खानावळवालीकडनं, गुपचूप उंडे करवून घेऊन महेश्वरीला बांधावर दिले होते. ती तिथंच उभ्या उभ्या एक खाऊन रडली होती.

ह्याही वर्षी त्यानं उंडे करवून घेतले. सीटच्या मागं ठेवले. पेशंट उतरवला आणि गाडी काढली. मन दोन्हीकडं ओढ घेत होतं. फाटा लांबून दिसला, आणि फाट्यावरच्या लिंबाखाली हिरवं लुगडं नेसून उभी असलेली महेश्वरीही दिसली. आज ती बांधावर थांबली नव्हती. सणाची वाट बघायला थेट सडकेपर्यंत आली होती.

बंडप्पानं काचेकडं बघितलं. रेघ सरळ होती. कोंब नाही, थरथर नाही, काही नाही. डबा करंजवाडी विसरला होता. इतक्या दिवसांची मेहनत आज फळाला आली होती, आणि आजच वळलो तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हा विचार एका क्षणाचा, पण तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर दाबला गेला. गाडी लिंबाशेजारून सुसाट गेली. आरशात महेश्वरीचा हात वर झालेला दिसला, मग तो तसाच खाली आला. पण गाडी थांबली नाही.

उंडे त्यानं संध्याकाळी दवाखान्यात वाटून टाकले. सगळ्यांनी चांगले झालेत म्हणून सांगितलं. त्यानं एकही तोंडात घातला नाही.

पंचमी होऊन गेल्यावर थोड्याच दिवसांनी हर्षाली पुन्हा आली. ह्या गाडीचे अंदाज भलतेच चुकायला लागले होते, एका म्हाताऱ्या पेशंटची छातीची पट्टी मध्येच तुटून डॉक्टरांना दुसऱ्यांदा मागवावी लागली होती, म्हणून परतीच्या रिकाम्या फेरीला ती मांडीवर लॅपटॉप घेऊन बंडप्पाच्या शेजारी बसली. बंडप्पा आतून सावध झाला. चौकशीच आली म्हणायची. शिवानंदनंच धाडली असणार. त्यानं जबाब मनात तयार करून ठेवला: वीटभट्टीला मजुराला बघायला गेलो होतो, कारखान्याकडं टायर दाखवायला.

पण हर्षालीनं ते विचारलंच नाही. फाटा जवळ येत होता. तिनं लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, एक विचारू का? इथं गाडी नेहमी वळायची. उन्हाळ्यात तर डबा इथं कधी चुकायचाच नाही. मग एकदम वळायची बंद झाली. मला वाटलं, कुणी घरी पडून असलेलं जुनं पेशंट असणार, तुम्ही बघायला जात असणार." ती थोडी थांबली. "वारले का ते?"

बंडप्पानं गाडी हळू केली. "हे आजून कुणाकुणाला ठावं हाय?"

"कुणाला असणार? ह्यात नावं-गावं नसतात काका, नुसती रेंज आणि वळणं. ऑफिसात हे कुणी उघडतसुद्धा नाही. शिवानंदला कसं उघडायचं तेही माहीत नाही. आकडे बिघडले म्हणून मी बघितलं, नाहीतर मीसुद्धा बघितलं नसतं."

ती खोटं बोलतेय का, हे त्यानं सवयीनं तिच्या तोंडाकडं बघून तपासलं. ती खरंच काळजीनं विचारत होती. वारले का ते? हा प्रश्न त्याच्या कानात घुमत राहिला.

"मेलं न्हाय कुणी," तो म्हणाला. "लेक ऱ्हाती माझी तिथं." आणि त्यानं फाट्याला गाडी वळवली.

बांधावर कोणी नव्हतं. तो पहिल्यांदाच गाडीतनं उतरला आणि शेतातल्या घरापर्यंत चालत गेला. महेश्वरी दारात शेंगा निवडत होती. त्याला बघून ती उठली, पण पुढं आली नाही. उलट दाराला पाठ लावून उभी राहिली, त्याची वाट अडवल्यासारखी.

"अप्पा, येऊ नका," ती घाईनं म्हणाली. "पाप लागंल तुमाला."

"कसलं पाप गं?"

"थोरल्या अप्पांनी लिंग हातात द्यून शपथ घ्यायला लावली ना? पंचमीला तुमी थांबला न्हाईत तवाच म्या वळखलं. आमचे अप्पा आपल्या मनानं आसं जायचे न्हाईत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज समजूतदार होता, एखाद्या थोराचा असावा तसा. "म्हणून म्या बांधावर यायचंच बंद केलं. मला बघून तुमची शपथ मोडाया नगं."

"महेश्वरी, मला कुणी शपथ घातली न्हाय."

"मग?"

बंडप्पा तिथंच अंगणात उभा राहिला. नागप्पानं कधी मागितलीच नव्हती ती शपथ त्यानं आपली आपणच घेतली होती, सणासुदीलासुद्धा मोडू न देता पाळली होती, आणि त्या शपथेला सोबत म्हणून इथं त्याची मुलगीही ती पाळत बसली होती.

"मग अप्पा?" तिनं पुन्हा विचारलं.

"चुकलो, बाळा," तो म्हणाला, आणि उंबरा ओलांडून आत गेला.