देवीच्या वळणावरचा श्वास

एप्रिल-मे हे जव्हारचे लग्नाचे महिने. दुपारी पठार तापलेले असते, बाजारातल्या दुकानांची शटर अर्धी खाली आलेली असतात, आणि डेपोच्या बाजूने एखादा टेंपो माणसाच्या चालीने येत असतो. टेंपोत जनरेटर, दोन्ही अंगांना स्पीकर, मध्ये कीबोर्ड. मागे वरात. या टेंपोवर अनेक उन्हाळे एकच कीबोर्डवाला दिसत आला आहे. तिशीतला, शांत, डोळ्यांवर गॉगल. गाणे एकदा कानावरून गेले की दुसऱ्या कडव्यापासून त्याची बोटे बरोबर पडतात. वरातीत मोखाड्याकडचे पाहुणे असतील, तर तो दोन सिनेमाच्या गाण्यांच्या मध्ये अचानक बोहाड्याची चाल काढतो. मग नाचच बदलतो. हात वर करून उड्या मारणारी मंडळी गुडघ्यात वाकतात, टाचा जमिनीवर आपटू लागतात, आणि वयस्क माणसे कडेने आत येतात.

जव्हार-मोखाडा या दोन तालुक्यांत बातमीदारीत माझी बरीच वर्षे गेली. बातमीत नाच-गाण्याला एक ओळ मिळे: कार्यक्रम उत्साहात पार पडला. त्या ओळीत न मावलेले जे ऐकले, त्यातला हा एक उन्हाळा.

बोहाडा म्हणजे मुखवटे घालून नाचायची सोंगे. शेतातली कामे संपली आणि पाऊस अजून लांब आहे, अशा दिवसांत गावोगाव बोहाडे होतात. पहिल्या दिवशी थाप, म्हणजे सुरुवात, मग लहान बोहाडा, शेवटी मोठा. गणपतीचे सोंग सगळ्यांत आधी निघते, आणि शेवटच्या सकाळी देवी महिषासुराला मारते. कोणते सोंग कोणत्या घराचे, हे ठरलेले असते. वाद्ये मोजकी: संबळ, पिपाणी, आणि एकच स्वर धरून ठेवणारी सूर नावाची नळी. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी. मुखवटा जड असतो, डोळ्यांची भोके लहान आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी. नाचणाऱ्याला समोरचा जळता टेंभा तेवढा दिसतो. बाकी सगळे तो कानाने करतो. पिपाणीची चाल वळली की तो वळतो.

खोडाळ्याच्या पुढच्या एका गावात पिपाणी वाजवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे होते. भात आणि नागलीची शेती, घर गावाच्या कडेला. संबळ वाजवणारा त्यांचा धाकटा मेव्हणा, बायकोचा भाऊ. दोघे मिळून आजूबाजूच्या सगळ्या बोहाड्यांना जात. पिपाणीवाल्यांचा आवाज मध्ये तुटत नसे. गालात हवा साठवून नाकाने श्वास घ्यायचा आणि स्वर तसाच चालू ठेवायचा, हे काम करणारी इतर माणसेही या भागात आहेत. पण या गृहस्थांच्या वाजवण्यात श्वास कुठे घेतला ते कान देऊनही कळत नसे. देवीची चाल तर लांबलचक. ती ते सुरू करत, आणि देवी घरातून निघून देवळासमोरच्या मोकळ्या जागेत पोचून महिषासुराला पाडेपर्यंत स्वर एकाच दोऱ्यासारखा चालत राही.

त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात त्यांचे पुढचे दात दुखू लागले. जव्हारला जाऊन त्यांनी वरचे उरलेले सगळे काढून घेतले आणि कवळी बसवली. दवाखान्यात काम काय करता असे विचारले, तेव्हा त्यांनी शेती असे सांगितले. पिपाणीचे सांगितले नाही. सांगण्यासारखे ते काम आहे, हे त्यांच्या मनातच आले नाही.

होळीनंतर त्यांनी पिपाणी काढली. मी त्या दुपारी त्यांच्या अंगणात होतो. मांडवावर सुका पाला टाकलेला, खाली मेव्हणा संबळाच्या चामडी वाद्या आवळत बसलेला. त्यांनी पिपाणी तोंडाला लावली, गाल फुगवले, आणि आवाज येण्याआधी आतून टक असे वाजले. गाल फुगले की कवळी सुटत होती. त्यांनी ती काढून बायकोच्या हातात दिली आणि तशीच वाजवली. वरचा ओठ आत गेला आणि नुसता वारा बाहेर आला.

मेव्हण्याने वादी आवळणे थांबवले नाही. "दाजी, देवी घाबरंल. तिला वाटंल महिषासुर शिंकला."

"तू गप संबळ बांध."

"बांधतो ना. कोणाबरोबर वाजवू तेवढं सांगा."

बायको कवळी पदराने पुसत म्हणाली, "ही भाकरीला चालते, मटणाला चालते. बाजालाच नाय चालत. माझ्या भावावर गेलीय."

हसणे झाले. पिपाणीवाले हातातली पिपाणी उलटसुलट करून पाहत राहिले, जणू दोष तिच्यात असावा.

लहान बोहाड्याला त्यांनी कवळी लावूनच वाजवले. ती हिरडीला घट्ट बसावी म्हणून आत कापडाची चिंधी घातली होती. दिवेलागणीला गणपतीचे सोंग निघाले. सुरुवात चांगली झाली. मग चाल चढली, गाल फुगले, टक वाजले, आणि आवाज बंद. गणपती एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबला. मुखवट्याच्या आत नाचणाऱ्याला काहीच कळेना. तो पाय खाली ठेवायचा की पुढे टाकायचा, या विचारात तसाच उभा राहिला. संबळ चालू होता, पण संबळाचा ठेका वळायचे कधी ते सांगत नाही. शेवटी टेंभेवाल्याने पुढे होऊन गणपतीचा हात धरला. लोक हसले, पण लवकर थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओट्यावर बैठक झाली. बोलायला उठला तो देवीचे सोंग ज्या घराचे, त्या घरचा मुलगा. पंचविशीतला. ठाण्याला बांधकामावर असतो. बोहाड्यासाठी काम सोडून गावी आला होता. वडिलांच्या पाठीच्या दुखण्यामुळे देवी आता त्याच्याकडे आली होती. जव्हारच्या कीबोर्डवाल्याला बोलवावे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्याकडे पिपाणीचा आवाज आहे, चाल त्याला येते.

"काका, तुमचा अपमान करायचा नाय मला," तो म्हणाला. "पण मला आत दिसत नाय. तुमच्या आवाजावर मी पाय टाकतो. आवाज गेला तं पाय कुठं टाकू? समोर महिषासुर तलवार फिरवतो."

"लाकडाची हाय," कोणीतरी म्हणाले.

"डोक्यात बसली तं लाकूडपण लागतं."

मुलगा बरोबर बोलत होता. पिपाणीवाले खाली पाहत बसले होते. ते म्हणाले, "बाकीची सगळी त्याला द्या. देवी मी वाजवीन. तुटली तं पुढच्या साली मी पिपाणीला हात नाय लावणार. मला सांगायला पण येऊ नका."

ओट्यावरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. ते असे बोलणारे गृहस्थ नव्हते. ठरले ते असे: कीबोर्डवाला येईल, सगळी सोंगे वाजवेल, देवीच्या वेळी तयार राहील, पिपाणी थांबली की तिथून पुढे उचलेल.

मोठ्या बोहाड्यापर्यंत मधे काही दिवस होते. त्या दिवसांत पिपाणीवाल्यांचे अंगण सुताराच्या कामाच्या जागेसारखे झाले. पिपाणीच्या तोंडाशी एक चकती असते, तिच्यावर ओठ टेकतात. त्यांनी जुनी पितळी चकती काढली आणि सुकलेल्या भोपळ्याच्या कवचातून मोठी, जाड चकती कोरली. ओठाला आतून आधार नाही तर बाहेरून द्यायचा. मग स्वर काढणारी ताडाच्या पानाची पाती नेहमीपेक्षा लांब कापली, म्हणजे ती तोंडात आतपर्यंत जाईल. एक फाटली, दुसरी बोलेना, तिसरी बोलली पण आवाज उतरला.

मेव्हणा वैतागला. "आता माझा संबळ तुमच्या बोळक्यापायी उतरवू?"

"उतरव."

"माझ्या बापानं चढवलेला सूर हाय तो."

"तुझ्या बापाला दात होते."

मेव्हण्याने थोडा वेळ हुज्जत घातली आणि वाद्या सैल करायला घेतल्या. सैल करून वाजवून पाहिले. खालच्या सुरात संबळ अधिक खोल बोलत होता. दोघांनीही ते ऐकले, पण कोणी कौतुक केले नाही.

शेवटच्या सकाळी मी देवळाच्या बाजूला उभा होतो. इतर सगळी सोंगे होऊन गेली होती आणि कीबोर्डवाल्याने ती उत्तम वाजवली होती. त्याबद्दल दुमत नव्हते. उजाडत होते. टेंभे जळतच होते, त्यांचा उजेड आता कोणाला लागत नव्हता. टेंपो मोकळ्या जागेच्या कडेला होता आणि कीबोर्डवाला बोटे पट्ट्यांवर ठेवून बसला होता. पिपाणीवाल्यांनी कवळी काढून बायकोकडे दिली. तिने ती पदराच्या टोकात बांधली.

देवी घरातून निघाली. नव्या पिपाणीचा आवाज जाड होता, थोडा घोगरा, आणि अंगणापासून देवळापर्यंत भरून येणारा. जुन्या आवाजात धार होती, यात वजन होते. मुलगा नाचत होता ते त्या वजनाला धरून. खांदे ताठ, पाऊल पूर्ण टेकवून, मुखवटा पाण्यावरच्या नावेसारखा स्थिर. त्याच्या वडिलांची देवी मी पाहिली होती. ती चपळ होती. ही सावकाश होती आणि तिच्या सावकाशपणात धाक होता. महिषासुर समोर आला. दोघे फेर धरू लागले.

मारण्याच्या आधी देवी एक पूर्ण वळण घेते. चाल तिथे वर चढते आणि सर्वांत जास्त हवा तिथेच लागते. पिपाणीवाल्यांच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. ओठाच्या कोपऱ्यातून हवा निसटत होती. वळण आले आणि आवाज थांबला. मागे फक्त सुराची नळी आणि संबळाचा ठेका चालू राहिला. देवी एका पायावर, मान कललेली. कीबोर्डवाल्याची बोटे दाबायच्या बेतात होती.

मग संबळावर एकच ठोका पडला. जोराचा, उघडा, ठेक्याबाहेरचा. देवीची मान त्या ठोक्यावर झटक्याने फिरली, मागोमाग अंग फिरले, आणि ते फिरेपर्यंत पिपाणी परत आली होती. महिषासुर दोन पावले मागे गेला, ही दोन पावले नाचात नसतात. गर्दीतून एकदम हुंकार आला. कीबोर्डवाल्याने हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले. पुढे चाल शेवटपर्यंत तुटली नाही. महिषासुर पडला.

नंतर ओट्यावर चहा चालू होता. मुखवटा उतरवलेला मुलगा घामाने निथळत होता. त्याला लोक विचारत होते, ते मानेचे काय केलेस.

"मी काय केलं नाय. आत काय दिसतंय? ठोका आला, वळलो."

मेव्हणा पिपाणीवाल्यांकडे वळला. "दाजी, पुढच्या साली तिथंच थांबा. मी तिथंच मारीन."

"मी थांबलोच नाय. तू मधी घुसलास."

"नाय थांबलात?"

"नाय."

मुलाने दोघांकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, थांबला नसाल तं पुढच्या साली या." पिपाणीवाल्यांनी बायकोकडे हात केला. तिने पदराची गाठ सोडली. कवळी लावून त्यांनी भाकरी घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जव्हारला एक लग्न होते. वऱ्हाड खोडाळ्याकडचे, टेंपोवर तोच कीबोर्डवाला. बाजाराच्या चौकात त्याने बोहाड्याची चाल काढली, ती देवीची. वळणापाशी आल्यावर त्याने बोटे उचलली. शेजारच्या ढोलवाल्याने एक उघडा ठोका दिला. सगळ्या वरातीच्या माना एकदम फिरल्या. एका माणसाच्या हवेच्या कमतरतेतून निघालेली जागा आता स्पीकरमधून चौकभर वाजत होती.

पिपाणीवाले आणि त्यांचा मेव्हणा वऱ्हाडात होते. पांढरे शर्ट, हातात सरबताचे ग्लास. पिपाणीवाल्यांनी ग्लास मेव्हण्याकडे दिला, टेंपोपाशी गेले आणि वर मान करून कीबोर्डवाल्याला हाक मारली. तो वाकला.

"बरं वाजवतोस," ते म्हणाले. "पण एवढा वेळ नाय थांबायचं. मी इतका नव्हतो थांबलो."

मेव्हणा मागे येऊन उभा होता. दोन्ही हातांत दोन ग्लास. नुसता दाजींकडे बघत राहिला, आणि मग दोन्ही ग्लासांतले सरबत एकामागून एक पिऊन टाकले.